पागेतून निघालेले शब्द

विधानसभेत गोंधळ हाताबाहेर गेला की अध्यक्ष मार्शलना बोलावतात, आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात ‘मार्शलकरवी बाहेर काढले’ अशी ओळ ठरलेली असते. हाच शब्द सॅम माणेकशांच्या नावाआधी लागला तेव्हा तो भारतीय सैन्यातला सर्वोच्च हुद्दा होता. 1 जानेवारी 1973 रोजी ते फील्ड मार्शल झाले. आता या शब्दाचा माग काढत मागे जाऊ. जुन्या जर्मन बोलीत ‘माराह’ म्हणजे घोडा आणि ‘स्काल्क’ म्हणजे चाकर. ‘माराहस्काल्क’ म्हणजे घोड्याला खरारा करणारा, दाणावैरण घालणारा माणूस. मराठेशाहीच्या भाषेत सांगायचं तर मोतद्दार.

मोतद्दाराचा सेनापती कसा झाला, याचं उत्तर त्या काळच्या लढाईत आहे. फ्रँक टोळ्यांनी आजचा फ्रान्स जिंकला तेव्हा हा शब्द त्यांच्याबरोबर तिकडे गेला. राजाची पागा ज्याच्या ताब्यात, त्याच्या हाती घोडदळ. आणि मध्ययुगात घोडदळ म्हणजेच फौज. कामाचं वजन वाढत गेलं तसं नावाचंही वाढलं आणि ‘मारेशाल’ हा फ्रान्समधला सर्वात मोठा लष्करी मान ठरला. पण सगळेच मारेशाल दरबारात गेले नाहीत. काही गावातच राहिले आणि घोड्यांच्या टापांना नाल ठोकत राहिले. फ्रेंचमध्ये नालबंदाला आजही ‘मारेशाल-फेराँ’ म्हणतात. गावातला नालबंद आणि देशाचा सेनानी यांचं नाव एकच आहे. उरला नुसता ‘स्काल्क’. जर्मनमध्ये तो आज ‘शाल्क’ झाला आहे आणि त्याचा अर्थ खोडकर, थट्टेखोर माणूस असा होतो.

कॉन्स्टेबल हा शब्दही पागेतलाच, फक्त त्याची वाट उलटी. रोमन साम्राज्याच्या उतरत्या काळात ‘कोमेस स्ताबुली’ नावाचा अधिकारी असे. कोमेस म्हणजे राजाच्या संगतीतला सरदार आणि स्ताबुलुम म्हणजे तबेला. फ्रान्समध्ये याचं ‘कॉनेताब्ल’ झालं आणि राजाखालोखाल सगळ्या सैन्याचा मुख्य तोच असे. हे पद इतकं बलाढ्य होऊन बसलं की 1627 मध्ये ते रद्दच करावं लागलं. इंग्लंडमध्ये मात्र हा शब्द किल्लेदारापासून गावच्या शांतता राखणाऱ्या माणसापर्यंत खाली खाली उतरत गेला. 1829 मध्ये लंडनला नवं पोलीस दल उभं राहिलं तेव्हा त्यातल्या सर्वात खालच्या शिपायाचं नाव कॉन्स्टेबल होतं, आणि इंग्रजांनी तेच नाव आपल्याकडे आणलं. म्हणजे मूळ पाहिलं तर कॉन्स्टेबल सरदार आणि मार्शल मोतद्दार. आजचा व्यवहार नेमका याच्या उलट आहे.

‘शब्दाचा मूळ अर्थ हाच खरा अर्थ’ असं आपल्याकडे मोठ्या विश्वासाने सांगितलं जातं. ही समजूत जुन्या ग्रीकांचीही होती. व्युत्पत्तिशास्त्राला युरोपात जे नाव मिळालं, त्यातल्या ‘एतिमॉन’चा अर्थच ‘खरा अर्थ’ असा आहे. मला ही समजूत चुकीची वाटते, आणि युरोपीय भाषांचा इतिहास पावलोपावली ती खोटी पाडतो. मूळ म्हणजे प्रवासाची सुरुवात. अर्थ ठरतो तो शब्द वापरणाऱ्या माणसांमुळे, आणि त्यांचं जगणं बदललं की अर्थही बदलतो.

एकाच शब्दाची दोन घरांत दोन नशिबं झाल्याची उदाहरणं पाहिली की हे पटतं. जुन्या इंग्रजीत ‘क्निख्ट’ म्हणजे पोरगा, हाताखालचा गडी. इंग्लंडमध्ये हे गडी राजांच्या आणि सरदारांच्या पदरी राहून लढले आणि त्यांचा ‘नाइट’ झाला. तो किताब राजा तलवार खांद्याला लावून देतो. जर्मनीत तोच शब्द ‘क्नेख्ट’ या रूपाने शेतावरच राहिला. आजही त्याचा अर्थ सालगडी, नोकर असाच आहे.

लॅटिनमधली मागिस्तेर आणि मिनिस्तेर ही जोडीही अशीच. ‘मागिस’ म्हणजे अधिक आणि ‘मिनुस’ म्हणजे उणं. त्यामुळे मागिस्तेर म्हणजे वरचा, मालक, गुरू, आणि मिनिस्तेर म्हणजे खालचा, सेवक. राजाचा सेवक पुढे राज्य चालवू लागला आणि मिनिस्टर म्हणजे मंत्री झाला. मागिस्तेरची मुलंबाळं सगळ्या युरोपभर पसरली: इटलीत संगीताचा मायेस्त्रो, फ्रान्समध्ये वकिलाच्या नावाआधी लावायचा मेत्र, जर्मनीत कसबी कारागीर म्हणजे माइस्टर. त्यातली दोन आपल्या घरी आली आहेत. इंग्रजांच्या ‘मास्टर’चे आपण मास्तर केले आणि त्यांना शाळेत बसवलं. त्याच्या बरंच आधी पोर्तुगीजांचा ‘मेस्त्रे’ पश्चिम किनाऱ्यावर उतरला होता. गोव्याकोकणात सुतारकाम, गवंडीकाम करणाऱ्या जाणत्या माणसाला लोक मेस्त्री म्हणू लागले, तोच आपला मिस्त्री. मास्तर आणि मिस्त्री हे सख्खे भाऊ आहेत, आणि दोघांच्याही नावात ‘जो अधिक जाणतो तो’ हा मान आहे.

आता खुद्द घोड्याकडे येऊ. अभिजात लॅटिनमध्ये घोडा म्हणजे ‘एक्वुस’. हा संस्कृत ‘अश्व’चा भाऊ. इराणी शाखेत त्याचं ‘अस्प’ झालं, ते मुंबईच्या पारशी घरांतल्या जमास्प या नावात आजही ऐकू येतं. पण आज फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश यांपैकी एकाही भाषेत घोड्याला एक्वुसचं नाव नाही. तिथे अनुक्रमे शव्हाल, काव्हाल्लो, काबाय्यो आहेत आणि हे सगळे ‘काबाल्लुस’चे वंशज आहेत. काबाल्लुस म्हणजे ओझ्याचं तट्टू. कवी आणि सरदार एक्वुस म्हणत राहिले, पण हमाल, शेतकरी, शिपाई ज्या जनावराबरोबर दिवस काढत होते ते काबाल्लुस होतं. साम्राज्य मोडलं, शाळा बंद पडल्या आणि लोकांचा शब्द टिकला. पुढे याच तट्टावरून शेव्हालिए, काव्हालिएरे, काबायेरो असे घरंदाज स्वारांचे किताब निघाले. एक्वुसचं स्त्रीलिंगी रूप तेवढं स्पेनमध्ये ‘येग्वा’ म्हणजे घोडी म्हणून राहिलं. जर्मन ‘प्फेर्ट’ तर डाकेच्या जोडघोड्यासाठी असलेल्या ‘पारावेरेदुस’ या सरकारी शब्दापासून आला. आपल्याकडेही हेच झालं. अश्व पोथीत राहिला आणि उत्तरकालीन संस्कृतात शिरलेल्या ‘घोटक’चा घोडा गावोगाव धावला.

लोकांच्या या बोलीवर त्या काळचे पंतोजी रागावत होते, याचा पुरावा हाती आहे. ‘प्रोबुसची पुरवणी’ म्हणून ओळखली जाणारी एक यादी एका जुन्या हस्तलिखितात सापडली. तिच्यात 227 नोंदी आहेत आणि बहुतेकींचा साचा ‘अमुक म्हणावे, तमुक म्हणू नये’ असा आहे. कानाला ‘आउरिस’ म्हणावं, ‘ओरिक्ला’ म्हणू नये. डोळ्याला ‘ओकुलुस’ म्हणावं, ‘ओक्लुस’ म्हणू नये. ही यादी करणाऱ्या गुरुजींची तळमळ खरी असेल, पण आज इटालियन माणूस कानाला ‘ओरेक्यो’, स्पॅनिश माणूस ‘ओरेखा’ आणि फ्रेंच माणूस ‘ओरेय’ म्हणतो. हे तिन्ही शब्द त्या नाकारलेल्या ‘ओरिक्ला’चे आहेत. गुरुजींनी ज्यावर काट मारली, त्यातूनच दान्ते आणि सर्वांतेस यांच्या भाषा घडल्या. ‘अशुद्ध’ हा शेरा मारण्याआधी मराठीच्या शिक्षकांनी ही यादी एकदा डोळ्यांखालून घालावी, असं मला मनापासून वाटतं.

शरीराच्या अवयवांची नावं बदलणार नाहीत, असं आपल्याला वाटतं. तीही बदलली. लॅटिनमध्ये डोकं म्हणजे ‘कापुत’. फ्रेंचमध्ये त्याचं ‘शेफ’ झालं, पण ते धडावर राहिलं नाही. त्याचा अर्थ ‘मुख्य’ असा झाला आणि स्वयंपाकघराचा मुख्य म्हणून ते आपल्या हॉटेलांपर्यंत आलं. मग फ्रेंच माणसाच्या धडावर काय उरलं? ‘तेत’. हे लॅटिन ‘तेस्ता’चं रूप आहे आणि तेस्ता म्हणजे मातीचं भांडं, खापर. जर्मनांनीही तेच केलं. त्यांचं जुनं ‘हाउप्ट’ आता हाउप्टश्टाट म्हणजे राजधानी अशा भारदस्त जोडशब्दांत दिसतं, आणि रोजचं डोकं म्हणजे ‘कॉप्फ’. तो लॅटिन ‘कुप्पा’वरून आला, आणि कुप्पा म्हणजे वाडगा, पेला. शिपाईगड्यांनी थट्टेत डोक्याला मडकं म्हटलं असावं आणि थट्टेचा शब्द पक्का झाला. हे परक्यांचं वेडेपण म्हणून हसण्याआधी आपल्या कपाळाला हात लावून पाहावा. संस्कृत ‘कपाल’ म्हणजेही वाडगा आणि खापर. यज्ञातला पुरोडाश खापरांवर भाजत, त्या खापरांना कपाल म्हणत. तिथून कवटी, कवटीवरून मराठी कपाळ, आणि कपाळावरून नशीब. आपण ‘फुटकं कपाळ’ म्हणतो तेव्हा मूळचं खापर अजून त्यात आहे.

यकृताची हकिकत मला सगळ्यात मोलाची वाटते. लॅटिन ‘येकुर’, ग्रीक ‘हेपार’ आणि संस्कृत ‘यकृत्’ हे एकाच मुळाचे शब्द आहेत. हजारो वर्षं त्यांनी एका अवयवाचं नाव सांभाळलं. मग भूमध्य समुद्राकाठच्या स्वयंपाक्यांनी घात केला. बदकासारख्या मोठ्या हंसांना अंजीर चारून पुष्ट करायचं आणि त्यांचं यकृत रांधायचं, असा एक उंची पदार्थ होता. त्याचं नाव ‘येकुर फिकातुम’. ‘फिकुस’ म्हणजे अंजीर, तेव्हा याचा अर्थ अंजीर घातलेलं यकृत. बाजारात पूर्ण नाव कोण घेतो? नुसतं ‘फिकातुम’ म्हटलं तरी कळायचं. होता होता माणसाच्या पोटातलं यकृतही फिकातुम झालं. फ्रेंच ‘फ्वा’, इटालियन ‘फेगातो’, स्पॅनिश ‘इगादो’ हे सगळे त्याचेच अवतार आहेत. ग्रीकांनीही हाच पदार्थ आपल्या अंजिराच्या, म्हणजे ‘सिकॉन’च्या, नावाने ओळखला आणि आजच्या ग्रीकमध्ये यकृताला ‘सिकोती’ म्हणतात. स्पेनमधला डॉक्टर रोग्याचं यकृत तपासतो तेव्हा त्याच्या तोंडी अंजीर असतं, पण ते त्याला किंवा रोग्याला ठाऊक असण्याची काहीच गरज नसते. आपल्याकडेही मटणाच्या दुकानातली कलेजी म्हणजे यकृत, आणि त्याच घरातलं काळीज मात्र तुटतं, हलतं, आईचं असतं.

कधी कधी अर्थ इतका फिरतो की शेजारी एकमेकांना घाबरतील. इंग्रजीत ‘गिफ्ट’ म्हणजे भेट, जर्मनमध्ये ‘गिफ्ट’ म्हणजे विष. दोन्ही ‘देणे’ या धातूचेच. यामागे औषधाची पुडी आहे. ग्रीकमध्ये ‘दोसिस’ म्हणजे देणं, आणि वैद्य एका वेळी जेवढं देतो तेवढं औषध म्हणजेही दोसिस. जर्मनांनी त्या शब्दाचा आपल्या भाषेत ‘गिफ्ट’ असा अनुवाद केला. एखाद्याला ‘काहीतरी दिलं’ असं दबक्या आवाजात बोललं जाऊ लागलं आणि औषधाचं विष झालं. जुना अर्थ ‘मिटगिफ्ट’ म्हणजे हुंडा या एका शब्दात अडकून राहिला. स्वीडिशमध्ये तर ‘गिफ्ट’ म्हणजे विषही आणि विवाहितही, कारण मुलगी ‘दिलेली’ असते. आपणही मुलगी दिली असंच म्हणतो. ग्रीक दोसिस आणि संस्कृत दान हे एकाच ‘दा’ धातूचे, त्यामुळे आपण कुणाला उपदेशाचे डोस पाजतो तेव्हा व्युत्पत्तीच्या हिशेबाने दानच करत असतो.

काही शब्दांच्या पोटात मात्र माणसांचं दुःख भरलेलं आहे. पूर्व युरोपातले स्लाव लोक स्वतःला ज्या नावाने ओळखतात ते ‘स्लोवो’ म्हणजे ‘शब्द’ यावरून आलं असं मानलं जातं. ज्यांची बोली समजते ते आपले लोक. शेजारच्या जर्मनांना ते ‘नेमेत्स’ म्हणत, म्हणजे मुके, कारण त्यांचं बोलणं कळत नसे. पुढे मध्ययुगात याच स्लावांना पकडून भूमध्य समुद्राच्या बाजारांत इतक्या मोठ्या संख्येने विकलं गेलं की त्यांचं नावच गुलामाचं नाव झालं. इंग्रजी ‘स्लेव्ह’, फ्रेंच ‘एस्क्लाव्ह’, जर्मन ‘स्क्लावं’ हे सगळे त्यातूनच आले. व्हेनिसमध्ये भेटताना ‘मी आपला गुलाम’ म्हणण्याची रीत होती. त्याचं झिजत झिजत ‘चाओ’ झालं आणि आज जगभरची तरुण मंडळी निरोप घेताना ते म्हणतात. चेक भाषेत ‘रोबोता’ म्हणजे वेठबिगार. जमीनदाराच्या शेतावर कुळांनी फुकट राबायचं, ही पद्धत तिथे 1848 पर्यंत होती. कारेल चापेकने 1920 मध्ये लिहिलेल्या नाटकात कारखान्यात बनवलेले कामगार आहेत. त्यांना काय म्हणावं हे त्याच्या चित्रकार भावाने, योसेफने, सुचवलं: रोबोट. रशियनमध्ये हाच शब्द, ‘राबोता’, साध्या कामासाठी वापरतात. तिथे वेठ विसरली गेली आहे.

एवढे दूरदूरचे शब्द एकमेकांचे नातेवाईक आहेत, हे कळलं कसं? या शोधाची एक सुरुवात गोव्यात झाली, हे मराठी वाचकाला माहीत असायला हवं. ‘ख्रिस्तपुराण’ लिहिणारे फादर थॉमस स्टीफन्स 1579 मध्ये गोव्याला आले. 1583 मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी नोंदवलं की इथल्या भाषांची ठेवण ग्रीक आणि लॅटिनसारखी आहे. त्याच दशकात फिलिप्पो सास्सेत्ती हा फ्लॉरेन्सचा व्यापारी कोची आणि गोव्यात राहत होता. त्याला सहा ते नऊपर्यंतचे आकडे, देव आणि सर्प हे शब्द इटालियनशी जुळताना दिसले. विल्यम जोन्सचं याच नात्याबद्दलचं कलकत्त्यातलं प्रसिद्ध भाषण 1786 चं, म्हणजे यानंतर दोनशे वर्षांनी.

पण साम्य दिसणं वेगळं आणि नातं सिद्ध करणं वेगळं. सिद्धतेचा पाया 1822 मध्ये याकोब ग्रिमने नीट मांडला. संस्कृत आणि लॅटिनमधला ‘प’ जर्मन कुळातल्या भाषांत ‘फ’ होतो, आणि तो एका शब्दात नव्हे, शब्दामागून शब्दात होतो. पितृ, पातेर, फादर. पाद, पेस, फुट. आणि माझ्या आवडीचं उदाहरण: संस्कृत ‘पशु’, लॅटिन ‘पेकु’, जर्मन ‘फी’. जर्मन शेतकरी आजही गुराढोरांना ‘फी’च म्हणतो. लॅटिनमध्ये या पेकुवरून ‘पेकुनिया’ म्हणजे पैसा झाला, कारण ज्याच्या गोठ्यात गुरं तो श्रीमंत. गोधन म्हणणाऱ्या समाजाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

असे नियम जसे नाती जुळवतात तसे ते खोटी नाती तोडतातही. लॅटिन ‘देउस’ आणि ग्रीक ‘थेऑस’ या दोन्हींचा अर्थ देव, उच्चार जवळचे, पण नातं काही नाही. देउस आपल्या देवाचा भाऊ आहे, थेऑस नाही. लॅटिन ‘दिएस’ आणि इंग्रजी ‘डे’ दोन्हींचा अर्थ दिवस, तरीही नातं नाही. लॅटिन ‘हाबेरे’ आणि जर्मन ‘हाबेन’, दोन्ही ‘जवळ असणे’ या अर्थाचे, पण हाबेनचा खरा भाऊ लॅटिनमध्ये ‘कापेरे’ म्हणजे पकडणे हा आहे. त्यामुळे नुसत्या उच्चारावरून ‘हा इंग्रजी शब्द आमच्या संस्कृतातून गेला’ असं सांगणारे जे निरोप मोबाइलवर फिरतात, ते पुढे पाठवू नयेत. संस्कृत ही युरोपीय भाषांची आई नव्हे, त्यांची वडीलधारी बहीण आहे, आणि हा मान पुरेसा मोठा आहे.

शब्दांची खरी हकिकत तारखांवर उभी राहते. कोणत्या वर्षी, कुणी, कोणत्या अर्थाने वापरला, याचे पुरावे रचणारा ऑक्सफर्डचा कोश 1884 मध्ये भागशः निघू लागला आणि 1928 मध्ये पुरा झाला. ग्रिम बंधूंनी 1838 मध्ये हाती घेतलेला जर्मन कोश 1961 मध्ये संपला. याकोब 1863 मध्ये वारले तेव्हा ते ‘फ्रुख्ट’ म्हणजे फळ या शब्दावर काम करत होते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृतासाठी असंच काम 1948 पासून चालू आहे, आणि शं. गो. तुळपुळे व अॅन फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश 1999 मध्ये आला. आजपर्यंतच्या मराठीचा असा तारीखवार कोश व्हायला हवा. ज्यांच्या घरी जुन्या चोपड्या, रोजकीर्दी, खतं, पत्रव्यवहार असेल त्यांनी ते रद्दीत घालू नये. जवळच्या इतिहास मंडळाला किंवा ग्रंथालयाला एकदा दाखवावं, कारण कोणता शब्द कधी काय अर्थाने चालत होता याचा पुरावा त्या कागदांतच आहे.